स्काऊट पथक एकट्याने ओढतोय, सोबतचे स्वयंसेवक टिकत नाहीत. दीड महिन्यावर आलेलं शिबिर रद्द करावं का?

तुम्ही लिहिलंय की पथकात 28 मुलं-मुली आहेत, वय 11 ते 15. वर्षाच्या सुरुवातीला तिघे स्वयंसेवक सोबत होते, दोघे गळाले, तिसरा "बघतो, जमलं तर" म्हणतोय. दोन रात्रींचं शिबिर जाहीर करून बसलात आणि आता झोप लागत नाही.

आधी रद्द करण्याचं बोलू. रात्रीच्या मुक्कामाला दुसरा मोठा माणूस पक्का नसेल तर रद्द करा. "बघतो" म्हणणारा मोजू नका. मुली येणार असतील तर एक बाई हवीच. कोणाचा पाय मुरगळला आणि त्याला घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलात, तर उरलेल्या 27 जणांजवळ कोण थांबणार? दुसरं कारण जरा नाजूक आहे, पण स्पष्टच लिहिते. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद तंबूत, असा प्रसंगच येता कामा नये. त्यात मुलाचीही सुरक्षा आहे आणि तुमचीही. देशोदेशीच्या स्काऊट संघटनांनी हा नियम उगाच केलेला नाही. दोघं-तिघं पक्के झाले तर मात्र शिबिर घ्या, हवं तर दोन रात्रींची एक करा. मुलांना एक रात्रही पुष्कळ होते.

आता माणसं का टिकत नाहीत ते. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "शेवटी सगळं मलाच करावं लागतं." हे वाक्य मी स्वतः तीन वर्षं म्हणत होते. हे काम करायला लागून मला 14 वर्षं झाली आणि पहिल्या तीन वर्षांत माझ्या हाताखालून पाच-सहा चांगली माणसं निघून गेली. सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, पालकांचे नंबर माझ्या फोनमध्ये, सहलीचा रस्ता माझ्या डोक्यात. दुसऱ्याने मदत करायची म्हणजे माझ्या मागे उभं राहून "आता काय करू?" विचारायचं. असं उभं राहायला कोण दर रविवारी येईल?

एक प्रसंग सांगते. शिबिरात हात धुण्यासाठी काठ्यांचा स्टँड बांधायचा होता. एका मुलाचे वडील स्वयंसेवक म्हणून आले होते, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांनी सहा मुलांना घेऊन सकाळचे दोन तास त्यावर घातले. मी आले, स्टँड हलवून पाहिला, तो डुगडुगला. स्क्वेअर लॅशिंगमध्ये, म्हणजे उभी-आडवी काठी दोरीने एकत्र बांधताना, आधी एका काठीला क्लोव्ह हिच नावाची गाठ मारतात, मग दोन्ही काठ्यांभोवती दोरीचे तीन वेढे घेतात आणि शेवटी काठ्यांच्या मधून आडवे दोन वेढे आवळून घेतात. त्याला फ्रॅपिंग म्हणतात आणि सगळी ताकद त्या आवळण्यातच असते. यांचं फ्रॅपिंग ढिलं होतं. मी काय केलं असेल? मुलांच्या देखत सगळं सोडलं आणि स्वतः बांधलं. वर "बघा, असं करायचं" हेही म्हणाले. स्टँड नंतर दीड दिवस खणखणीत उभा राहिला. ते गृहस्थ पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. फोन केला तर म्हणाले, घरी जरा काम निघालंय. आणि मी पुढची दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले की हल्ली लोकांना वेळच नसतो.

तुमच्या दोघांचं नेमकं काय झालं मला माहीत नाही. कदाचित खरंच घरची अडचण असेल. पण एकदा त्यांना भेटा आणि "परत या" न म्हणता "तुम्हाला आमच्याकडे काय खटकलं?" एवढंच विचारा. उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. हे फार अवघड जातं, आधीच सांगून ठेवते.

माणसं मागण्याचीही एक पद्धत असते. पालकांच्या ग्रुपवर "शिबिरासाठी मदत हवी आहे" असं टाकलंत की बारा अंगठे येतात आणि माणूस एकही येत नाही. कारण "मदत" म्हणजे किती तास, किती दिवस, चुकलं तर काय, हे कोणालाच कळत नाही. त्याऐवजी एकाच माणसाला फोन करून सांगा: "शनिवारी सकाळी 8 ते 11 हवे आहात. तंबू उघडून मोजायचे, वाकलेल्या खुंट्या वेगळ्या काढायच्या, फाटलंय तिथे खूण करायची. बस." बहुतेक लोक हो म्हणतात. कामाला शेवट आहे हे दिसलं की माणूस घाबरत नाही. रात्री जंगलात झोपायची अजिबात इच्छा नसलेले पालकसुद्धा वैद्यकीय माहितीचे फॉर्म भरून घेणं, गाडीची सोय पाहणं, औषधांच्या तारखा तपासणं ही कामं नीट करतात. आणि त्यांनी केलेलं काम पुन्हा करायला जाऊ नका. अपघात होण्याइतकं चुकलं असेल तरच हात घाला, तेही एकांतात.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 28 मुलं सांभाळायला मोठी माणसं शोधताय, पण त्या 28 मध्येच तुमचे चार मदतनीस आहेत. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा 20 च्या आसपास मुलं होती. काही बड्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्यांचे चार संघ पाडले. लांडगा, बैल, रानकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी त्यांची नावं होती. प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला आणि संघाची जबाबदारी त्याच्यावर टाकली. स्काऊटिंगमधलं बाकी पुष्कळ बदललं, ही रचना मात्र टिकली. पथक चालवणाऱ्या मोठ्यांसाठी जे वूड बॅज नावाचं प्रशिक्षण असतं, त्यातही चांगली पन्नाशीची माणसं संघात वाटली जातात आणि भांडी कोणी घासायची यावरून वाद घालतात.

(संघाला इंग्रजीत पेट्रोल म्हणतात. "तुमच्या मुलीला पेट्रोल लीडर केलंय" असा निरोप मी एकदा पाठवला होता, तर तिची आई काळजीने विचारत होती की गाडीत इंधन भरायला लहान मुलांना कशाला पाठवता.)

तुमच्याकडेही संघ असतील. पण बहुतेक पथकांत ते फक्त रांगेत उभं राहण्यापुरते असतात. संघाची स्वतःची पेटी आहे का? त्यात स्वतःची दोरी, स्वतःची भांडी, स्वतःची प्रथमोपचाराची डबी? शिबिरात संघ आपापला स्वयंपाक करतात, की सगळ्यांसाठी एकच मोठं पातेलं चढतं आणि ते तुम्ही ढवळता? सात-सात मुलांचे चार संघ खरोखर चालले तर तुम्हाला 28 जणांशी बोलायचं नाही, चौघांशी बोलायचंय. दर आठवड्याला त्या चार संघनायकांसोबत वीस मिनिटं बसा. जुनी मंडळी त्याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, नाव काहीही द्या. पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि अगदीच अशक्य काही निघालं तर बोला.

हे सुरुवातीला वाईट चालतं. आमच्याकडे 13 वर्षांची एक संघनायिका होती. कामांचा तक्ता तिने सुंदर रंगवला, पण तिच्या मैत्रिणीचं नाव भांड्यांसमोर कधीच यायचं नाही. मला पहिल्याच दिवशी दिसलं, जीभ चावून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघातल्या सगळ्यात लहान मुलाने तक्त्यासमोर उभं राहून बोटाने मोजलं आणि मोठ्याने विचारलं, "ताई, हिचं नाव विसरलीस का?" ती लाजून लाल झाली, खोडरबर आणलं. मी रागावले असते तर तिने तक्ता माझ्या भीतीने बदलला असता आणि पुढच्या शिबिरात पुन्हा तेच केलं असतं.

शिबिराच्या आधी दोन आठवडे फक्त संघनायक आणि उपनायकांना घेऊन त्याच जागी एक दिवस जाऊन या. तंबू कुठे, पाणी कुठे, पाऊस आला तर पाणी कुठून वाहील, हे त्यांना शोधू द्या. (सखल जागी तंबू ठोकून रात्री अडीचला झोपायच्या पिशव्या पिळत बसण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. गवत सगळ्यात मऊ होतं म्हणून ती जागा मीच निवडली होती.) शौचाची जागा ओढ्यापासून निदान 60 मीटर लांब हवी, तीही पावलांनी त्यांनाच मोजायला लावा.

चालण्याचा वेळ काढायलाही त्यांनाच बसवा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब मांडला, तो आजही वापरतात: 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर अंतर आणि 300 मीटर चढ असेल तर दोन तासांच्या थोडं वर. पण हा हिशेब चालायची सवय असलेल्या मोठ्यांचा. पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलांसाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवते, म्हणजे तीन तास, आणि थांबे वेगळे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे ठेवलंत तर तो धापा टाकत पोचतो तोवर पुढच्यांची विश्रांती संपलेली असते.

आणि वाट चुकली तर? आम्ही एकदा चुकलो, म्हणजे मुलं चुकली आणि मी चुकू दिलं. फाट्यावर उजवीकडे जायचं होतं, संघनायक डावीकडे वळला. सोबतच्या स्वयंसेवकाने मला कोपर मारलं. मी मान हलवून नको म्हटलं. तो रस्ता पुढे मोकळ्या माळावर जाऊन संपतो हे मी आधी चालून पाहिलं होतं. कडा नव्हता, पाणी नव्हतं, उजेड चार तास होता. पंचवीस मिनिटांनी तो मुलगा थांबला, नकाशा गोल गोल फिरवला आणि म्हणाला, "नकाशात ओढा उजव्या हाताला आहे, आपल्या डाव्या हाताला का?" सगळे परत फिरले. कोणी त्याला चिडवलं नाही. एक जण रडवेला झाला होता, पण तो बुटाने टाच सोलली म्हणून. तो दोष माझा. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात थांबून "कुठे चुरचुरतंय का?" विचारायचं असतं आणि तेव्हाच चिकटपट्टी लावायची असते.

मी गप्प बसू शकले ते त्या वाटेवर आधी चालून आले होते म्हणून. पाणी, कडा, आग, ऊन आणि वीज या बाबतीत मात्र मी मुलांचं मत विचारत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वादळ 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, एकट्या झाडाखाली नाही, तंबूतही नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. म्हणून असा आसरा जवळपास कुठे आहे हे त्या आधीच्या फेरीतच पाहून ठेवा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची खूण आधी मैदानावर खेळात घटवून घ्या. परतायला किती वाजतील आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्या.

"मुलं तिथे जाऊन काय शिकणार" म्हणणाऱ्या पालकांना मी हल्ली समजावत बसत नाही. एका संध्याकाळी बोलावते, हातात दोरी देते आणि त्यांच्याच मुलाला त्यांना बोलाईन नावाची गाठ शिकवायला सांगते. दहा मिनिटांत त्यांचा सूर बदलतो. तुमचा चौथा स्वयंसेवकही तिथेच सापडेल. बाकीचे गप्पा मारायला लागले तरी ज्याच्या हातात दोरी राहते, त्याला फोन करा.

ते स्टँडवाले गृहस्थ मला चार वर्षांनी एका कार्यक्रमात भेटले. मी माफी मागितली. हसले. म्हणाले, "मॅडम, ते ढिलं होतं हे मला माहीत होतं. मुलांच्या कधी लक्षात येतं ते बघत बसलो होतो."