सहीमुळे आईची आठवण गेली का?

"मावशी, माझी आई ७४ वर्षांची. श्रावणात बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ बंगळुरात, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. तिसऱ्या रात्री आई ओरडायला लागली, 'वॉर्डात शेळ्या शिरल्यात, हाकला.' सलाईन उपटून टाकलं. दोन-तीन दिवसांनी ते थांबलं, पण घरी येऊन दोन महिने झाले तरी आई पहिल्यासारखी नाही. एकच गोष्ट चारदा विचारते, कुकर लावून विसरते. बारा बायकांची भिशी चालवायची, आता वहीत कुणाचे पैसे आले ते तिला लागत नाही. भाऊ म्हणतो, पूर्ण भूल का देऊ दिलीस, पाठीत इंजेक्शन द्यायला सांगायचं. शेजारच्या काकू म्हणतात, चळ लागला. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, ते करायची आता छाती होत नाही. मी आईचं वाटोळं केलं का? – सही करणारी लेक, सातारा"

अगं, आधी त्या सहीचं मिटवू. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशन न करता खाटेवर ठेवलं, की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा ही सगळी रांग मागे लागते. डॉक्टर एक-दोन दिवसांत ऑपरेशन उरकायची घाई करतात ती म्हणूनच. सहीच्या वेळी भाऊ तिथे असता तर त्यानेही सहीच केली असती.

भुलीबद्दल त्याला एवढं सांग. अमेरिका आणि कॅनडातल्या खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पाठीतून इंजेक्शन ठरवलं होतं, निम्म्यांना पूर्ण भूल. ऑपरेशननंतर भ्रम झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, पाचात एक. उगाच भुलीच्या डॉक्टरांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. पडण्याचा धक्का, मोडलेलं हाड, जखमेमुळे अंगभर उठणारा दाह, रक्त जाणं, दुखणं, औषधं, वॉर्डातले रात्रभर चालू असलेले दिवे हे सगळं चौऱ्याहत्तरीच्या मेंदूवर एकदम येऊन पडलं.

शेळ्या दिसल्या तो डिलिरियम. आपल्याकडची जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची, तोच प्रकार. तो अचानक येतो, रात्री वाढतो, दिवसा माणूस मध्येच शहाण्यासारखं बोलतो. आता चाललंय ते वेगळं आहे. ऑपरेशननंतर विचार मंदावणं, हिशेब न जमणं, नवं लक्षात न राहणं हे आठवडे, कधी महिनेही टिकतं. साठीपुढच्या १२१८ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशनं झालेले हे लोक. आठवड्यानंतर त्यांतल्या चौथ्या हिश्शाला अशी अडचण होती. तीन महिन्यांनी ती शंभरात दहांना उरली. ऑपरेशन न झालेल्या, त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण शंभरात तीन होतं. म्हणजे बहुतेक जण सावरतात, थोडे मागे राहतात. तुझी आई कुठल्या गटात, हे दोन महिन्यांत कुणीच ठरवू नये. काकूंनी तर नाहीच.

पण 'होईल हळूहळू' म्हणून बसूही नकोस. तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर औषधांची यादी आहे, ती मी दोनदा वाचली. हॉस्पिटलात सुरू झालेली झोपेची गोळी अजून रोज चालू आहे. वर सर्दीची गोळी, तीही गुंगी आणणारी. या दोन्हींमुळे म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं, विसरभोळेपणा वाढतो. झोपेची गोळी एकदम तोडू नकोस, त्यानेही बिघडतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरव. मधुमेहासाठी आई मेटफॉर्मिन किती वर्षं घेतेय? त्याने बी१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि तुम्ही शाकाहारी. रक्तातलं सोडियम, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, साखर आणि लघवीची तपासणी एकदा करून घे. यातलं काही बिघडलेलं निघालं तर त्यावर इलाज आहे.

त्याच पानावर आणखी एक ओळ आहे, ती तू सहज लिहून गेलीस. 'कानाचं मशीन हरवेल म्हणून हॉस्पिटलात नेलं नाही, अजून कपाटातच आहे.' बाई, ते आजच काढ, सेल बदल आणि तिच्या कानात घाल! एका डोळ्यात मोतीबिंदू, कानात मशीन नाही, आणि आपण म्हणायचं आईला काही कळत नाही. चारदा विचारते त्यातलं दोनदा तिला उत्तर ऐकूच आलं नसेल.

घरात तिची परीक्षा घेणं बंद करा. 'सांग आज वार कोणता', 'सांग हा कोण' हा खेळ पाहुण्यांसमोर चालतो म्हणतेस, तो माणसाला फार लागतो. कॅलेंडर तिला दिसेल असं टांग. दुपारची झोप अर्ध्या तासावर आण. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं चालणं रोज होऊ दे, पाणी वेळेवर दे. गॅसपाशी मात्र काही महिने तिला एकटी सोडू नकोस. भिशी काढून घेऊ नकोस. पैसे तू मोज, वहीत नाव तिला लिहू दे. चुकलं तर खाली दुरुस्त कर, तिच्यादेखत डोक्याला हात लावू नकोस.

एक प्रश्न मात्र स्वतःशी खरेपणाने विचार. गेल्या दिवाळीत भाजणीचं प्रमाण तिने तोंडपाठ सांगितलं होतं, की तुला फोन करून विचारलं होतं? पडण्याआधीच वर्षभर थोडं थोडं निसटत असेल, तर ऑपरेशनने ते फक्त उघडं पाडलं असेल. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. आत्ता फिजिशियनला दाखव, गरज वाटली तर ते न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील, स्मरणशक्तीची लेखी चाचणी होईल. तीच चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करा, म्हणजे आई कुठल्या दिशेला चाललीय ते कळेल. बोलणं अचानक अडखळलं, हात-पाय लुळा पडला, ताप येऊन सुस्तावली, किंवा पुन्हा पडून डोक्याला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळू नका. ते बहुतेकदा डोळ्यात थेंब घालून किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन होतं, पूर्ण भूल सहसा लागत नाही, आणि नीट दिसायला लागलं की तिचा गोंधळ कमीच होईल. फक्त ती थोडी सावरू दे. यापुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं, की मागच्या वेळी भ्रम झाला होता हे भुलीच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. चष्मा आणि कानाचं मशीन बरोबर न्यायचं, रात्री ओळखीचं माणूस उशाशी ठेवायचं.

आणि घर नावावर करून घ्यायची भाऊ घाई करतोय म्हणतेस, ती आत्ता नको. डोकं ठिकाणावर नसताना घेतलेली सही उद्या कोर्टात टिकत नाही आणि घरात वैर मागे ठेवते. दिवाळीला तो येईल, तेव्हा आईला डॉक्टरांकडे त्यालाच घेऊन जाऊ दे. फाइल, औषधांची यादी आणि तुझे प्रश्न त्याच्या हातात दे आणि तू बाहेर बाकावर बस.