मूल लहान असताना पीएचडीला अर्ज करावा का, की ते शाळेत जाईपर्यंत थांबावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दीड वर्षाची आहे, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी होऊन बरीच वर्षं झाली, पीएचडी करायची इच्छा आहे आणि घरचे म्हणतात पोरगी शाळेत जाऊ दे मग बघ. माझं सरळ मत सांगते, थांबू नका. मीही मायक्रोबायोलॉजीचीच, कोल्हापूरची. मुलगा नुकता रांगायला लागला होता तेव्हा नेटचा (पीएचडी आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) फॉर्म भरलेला, आता तो पहिलीत आहे आणि मी थिसीस लिहितेय.

"शाळेत जाऊ दे" हा सल्ला देणाऱ्यांनी नर्सरीचं टायमिंग कधी बघितलंय का असा मला नेहमी प्रश्न पडतो. नर्सरी म्हणजे तीन तास. साडेआठला सोडा, साडेअकराला घ्यायला जा, वर दिवाळीची सुट्टी, मे महिना, गॅदरिंगची प्रॅक्टिस, पाऊस जास्त म्हणून शाळा बंद. पाळणाघर निदान सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सलग असतं. माझं पोरगं पाळणाघरात होतं ती वर्षं कामाला जास्त चांगली गेली, शाळा सुरू झाल्यावर उलट धावपळ वाढली. म्हणजे तीन वर्षांची झाली की तुम्ही मोकळ्या व्हाल हे गणितच मुळात जमत नाही.

दुसरं म्हणजे अर्ज केला आणि पुढच्या महिन्यात लॅबमधे उभ्या राहिल्या असं होत नसतं. आपल्या विषयाची नेट सीएसआयआरची (केंद्राची विज्ञान संशोधन परिषद), लाईफ सायन्सेस. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा (तारखा पुढेमागे होतात). फॉर्म, परीक्षा, निकाल, मग युनिव्हर्सिटीच्या जाहिरातीची वाट, गाईडकडे जागा आहे का ते बघणं, इंटरव्ह्यू, कमिटीसमोर सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग कोर्सवर्क. या सगळ्यात वर्ष दीड वर्ष आरामात जातं. आज सुरुवात केलीत तर बेंचवर खरं काम सुरू होईल तेव्हा मुलगी तीनची झालेली असेल, म्हणजे घरचे म्हणतायत तेवढं थांबणं यातच होऊन जातं, फक्त हातावर हात ठेवून बसायचं नाही. शिवाय जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधनाच्या फेलोशिपला, वयाची अट आहे, बायकांना पाच वर्षांची सूट मिळते पण अट असतेच, आणि ती वाट बघत बसत नाही. नुसत्या लेक्चररशिपला किंवा सेटला (राज्याची प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) वयाची अट नाही.

आता अभ्यास. तुमच्याकडे सलग चार तास नसणार हे धरूनच चला, मुलगी झोपली की मिळतो तो पाऊण तास आणि पहाटेचं काय मिळेल ते. या पेपरची एक गोष्ट आपल्यासारख्यांच्या सोयीची आहे, पर्याय भरपूर. पार्ट सी मधे 75 प्रश्न येतात त्यातले 25 च सोडवायचे, चार मार्कांचे. पार्ट बी मधे 50 पैकी 35. सिलॅबसचे युनिट आहेत 13, सगळे करायच्या भानगडीत पडूच नका. मायक्रोवाल्यांनी रेणू आणि पेशीचे पहिले चार युनिट, इनहेरिटन्स, अप्लाईड आणि शेवटचं मेथड्सचं युनिट पक्कं करायचं, इकॉलॉजी इव्होल्यूशनचं जेवढं पटकन होईल तेवढं, आणि प्लांट फिजिऑलॉजी मी तर उघडूनही बघितलं नाही. निगेटिव्ह मार्किंग 25 टक्के आहे त्यामुळे अर्धवट येणाऱ्या युनिटचे प्रश्न सोडून दिलेलेच बरे. पार्ट ए चं गणित-तर्क एवढं मात्र भाजी चिरताना पण होतं, मी जुने प्रश्न मोबाईलवर उघडून ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचे. सोबत सेटचा फॉर्मही भरा, ती पुणे विद्यापीठ घेतं महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, निगेटिव्ह नाही, फेलोशिप मिळत नाही पण पेटमधून (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) सूट मिळायला उपयोगी पडते आणि उद्या कॉलेजात लागायचं म्हटलं तर चालतेच.

फॉर्म भरायच्या आधी एक काम करा, दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव वाचा. लग्न झालेल्या निम्म्या बायका इथे अडकतात. दहावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. नेटच्या फॉर्मवर दहावीप्रमाणे नाव लागतं. मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत हाताशी ठेवा, ॲडमिशनच्या वेळी लागतेच, आणि शक्य असेल तर पुढचं सगळं शिक्षण दहावीच्याच नावाने करा, पेपर पब्लिश करायची वेळ आली की पटेल. ओबीसी असाल तर नॉन क्रीमीलेयर हे आईवडिलांच्या उत्पन्नावर निघतं, नवऱ्याच्या पगारावर नाही, सेतूतला माणूस नवऱ्याची सॅलरी स्लिप मागायला लागला तर तिथेच सांगा. नेटला सेंट्रलच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. गॅपचं ॲफिडेव्हिट पण एक करून ठेवा, त्यात "घरगुती कारण" एवढं पुरतं, बाळंतपणाची कहाणी लिहायची गरज नाही.

परीक्षेचा दिवस हा वेगळा विषय आहे, आणि मुलगी अजून अंगावर पीत असेल तर हे नीट वाचा. पेपर तीन तासांचा, पण रिपोर्टिंग, तपासणी, बायोमेट्रिक धरून आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाच तास धरा. सेंटर आपल्याच गावात मिळेल याचा भरवसा नाही. माझं सेंटर दुसऱ्या गावी, हायवेला एका इंजिनिअरिंग कॉलेजात. गेट बंद व्हायच्या अगदी आधी गाडीत बसून पाजलं, पोरगं नवऱ्याच्या हातात दिलं आणि मागे न बघता आत गेले. पार्ट सी ला आले तेव्हा छाती दुखायला लागलेली, शेवटचा तासभर एक हात दंडाखाली दाबून माऊस चालवला. पॅड घालून गेले होते आणि कुर्ता मुद्दाम गडद प्रिंटचा, तरी बाहेर आले तेव्हा ओढणी पुढून पसरून घ्यावी लागली. पोरगं मागच्या सीटवर केळं खाऊन गाढ झोपलेलं. तेव्हा सांगायचं म्हणजे परीक्षेच्या आधी काही आठवडे दुपारचं पाजणं हळूहळू कमी करत आणा, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही आणि तिलाही.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा गाईड. लोक युनिव्हर्सिटीचं नाव बघतात, मूल लहान असेल तर आधी गाईड बघायचा मग नाव. नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4 च विद्यार्थी, आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन घेता येत नाहीत, म्हणजे जागा मोजक्याच. व्हेकन्सी लिस्ट लागली की सरळ डिपार्टमेंटला जा, पण सरांना भेटायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना कँटीनमधे गाठा. सर मीटिंग किती वाजता लावतात, शनिवारी बोलावतात का, रात्री व्हॉट्सॲपवर प्रेझेंटेशन मागतात का, कुणाचं लग्न किंवा बाळंतपण झालं तेव्हा कसे वागले. हे सर स्वतः सांगणार नाहीत, पोरं चहाच्या कपाबरोबर सांगतात. आणि मॅडम आहेत म्हणजे समजून घेतील असं डोळे झाकून धरू नका, मला समजून घेणारे सर मिळाले आणि माझ्या मैत्रिणीला मॅडमनी "आम्ही नाही का केलं" म्हणून पिळून काढलं.

सरांशी बोलताना टॉपिकचं वेळापत्रक विचारा, हे कुणी विचारत नाही. आपल्या विषयात काही कामं घड्याळाला बांधलेली असतात. ग्रोथ कर्व्ह (जीवाणूंच्या वाढीचा आलेख) लावला की दर अर्ध्या तासाला 600 नॅनोमीटरला ओडी, म्हणजे कल्चर किती गढूळ झालंय त्याचं माप, घ्यायचा, सकाळी दहाला इनॉक्युलेट केलं तरी संध्याकाळ होते आणि सहाला पाळणाघर बंद. उलट आयसोलेशन, स्क्रीनिंग, एन्झाईम ॲसे असली कामं तुकड्यात करता येतात, संध्याकाळी प्लेटा इन्क्युबेटरला टाकून घरी, सकाळी येऊन कॉलन्या मोजायच्या. सीक्वेन्सिंगच्या डेटावरचं काम तर मूल झोपल्यावर घरून पण होतं. पॅथोजेनवर काम असेल तर मात्र मूल लहान आहे हे आधीच सांगा, लाजू नका. ॲप्रन घरी आणायचा नाही, मोबाईल बेंचवर ठेवायचा नाही, कारण तोच मोबाईल घरी आल्यावर पोरांच्या तोंडात जातो.

इंटरव्ह्यूत "मूल लहान आहे, कसं करणार?" हा प्रश्न येणार हे लिहून ठेवा. मला विचारला होता, माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला सहा महिन्यांची मुलगी होती, त्याला कुणी काही विचारलं नाही. राग येतो, पण पॅनेलसमोर भाषण देऊन उपयोग नाही आणि गयावया करूनही नाही. मी म्हटलं, "नऊ ते सहा पाळणाघर, त्यानंतर सासूबाई आहेत, सर माझ्या सिनॉप्सिसमधे मी जो मीडिया वापरणार आहे त्याबद्दल..." आणि सरळ स्लाईडवर बोट ठेवलं. एका वाक्यात उत्तर, लगेच विषय. त्या एका वाक्यात माणसाचं नाव आणि वेळ असली पाहिजे, "घरच्यांचा सपोर्ट आहे" असलं मोघम सांगितलं की ते आणखी खोदतात.

आणि ते वाक्य खरं पण असायला पाहिजे. म्हणजे फॉर्म भरायच्या आधीच नवऱ्याशी बसून ठरवा की पोरगीला ताप आला (पाळणाघरात पहिले सहा महिने येतच राहतो) तर सोमवारी कोण थांबणार, मंगळवारी कोण. "बघू तेव्हा" म्हणजे तुम्हीच. सासूबाईंनाही गृहीत धरू नका, त्यांचे गुडघे, त्यांची भिशी, त्यांची वारी असते. आमच्या आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, संध्याकाळी सहा ते आठ मी बघीन पण रविवारी मला सांगायचं नाही. मला तर बरंच वाटलं, स्पष्ट असलं की भांडण होत नाही.

पैशाचंही बोलायला हवं. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि मग 42,000, वर घरभाडं. नाही मिळाली तर राज्याच्या विद्यापीठात बहुतेक वेळा हातात काहीच येत नाही, वर फी आणि पाळणाघराचे पैसे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, तुम्ही ज्या प्रवर्गात बसत असाल त्याची जाहिरात बघत राहा, रजिस्ट्रेशन झाल्यावर भरायची असते. केंद्राच्या डीएसटीची (विज्ञान-तंत्रज्ञान खातं) वाईज पीएचडी म्हणून एक फेलोशिप आहे, 27 ते 45 वयाच्या बायकांसाठी, सायन्सवाल्यांसाठी, तीही बघा. यातलं काहीच नाही आणि घरचा एकच पगार ईएमआयमधे जातोय अशी स्थिती असेल तर मी म्हणेन आधी नेट परत द्या, बिनपैशाची पीएचडी लहान मुलाबरोबर फार ताणते, दोन वर्षांनी सोडून दिलेल्या मी बघितल्यात.

रजेचं बऱ्याच जणींना माहीत नसतं म्हणून लिहिते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमात बायकांना बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा देता येते. एरवी मुदत सहा वर्षं आणि वर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, बायकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. नवऱ्याची बदली झाली तर संशोधनाचा डेटा घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायची सोय पण त्याच नियमात आहे. क्लार्कला हे माहीत असेलच असं नाही, मी नियमाची प्रिंट काढून ते कलम हायलाईट करूनच ऑफिसात गेले होते, दोन मिनिटांत सही झाली. फक्त ते 240 दिवस संपूर्ण पीएचडीत मिळून आहेत, दर बाळंतपणाला वेगळे नाहीत, तेव्हा दुसऱ्याचा विचार असेल तर पहिलीच्या तापासर्दीला ही रजा खर्च करू नका, त्याला गाईडची तोंडी परवानगी पुरते.