छातीतील पाणी : एडीएचा आकडा पुरेसा आहे का?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे असून कापड गिरणीच्या बॉयलर विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या छातीत उजव्या बाजूला पाणी झाले. तपासणीत त्या पाण्यात लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त आणि एडीए (टीबीत वाढणारे एक एन्झाइम) ५२ आला. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कर्करोगाच्या पेशींची तपासणी निगेटिव्ह आहे. एक डॉक्टर टीबीची औषधे सुरू करा म्हणतात, दुसरे आधी दुर्बिणीने बायोप्सी करण्याचा आग्रह धरतात. संशोधन कोणाच्या बाजूने आहे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याला संशोधनाचा आधार आहे, मात्र ते संशोधन वेगवेगळ्या रुग्णांवरचे आहे.

पाणी हृदय, यकृत वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे साचले की फुप्फुसाच्या आवरणालाच आजार आहे, हे ठरवण्यासाठी १९७२ मध्ये रिचर्ड लाइट यांनी मांडलेले प्रथिने व एलडीएच या एन्झाइमचे निकष आजही वापरले जातात. खरा पेच त्यापुढे सुरू होतो. फुप्फुसाच्या आवरणाच्या टीबीत पाण्यात जंतू फार थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आल्याने टीबी नाही असे ठरत नाही, आणि एडीए ४० च्या वर असला तर टीबीचा संशय बळावतो. पण किती बळावतो, हे रुग्ण कोण यावर अवलंबून असते. समजा, एखादी तपासणी दोन्ही अंगांनी ९० टक्के अचूक आहे, म्हणजे टीबी असलेल्या शंभरांपैकी ९० जणांना पॉझिटिव्ह आणि नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांना निगेटिव्ह ठरवते. शंभरांपैकी ६० जणांना टीबी असलेल्या गटात तिचे ५४ निकाल खरे आणि ४ खोटे पॉझिटिव्ह येतील. केवळ ५ जणांना टीबी असलेल्या गटात मात्र साडेचार खरे आणि साडेनऊ खोटे. ताप असलेल्या पंचविशीतल्या इंदूरच्या तरुणाबाबत पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मी बिनदिक्कत मान्य केला असता.

आपल्या सासऱ्यांचे तसे नाही. या वयात कर्करोगाची शक्यता वाढते, आणि लिंफोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही एडीए वाढू शकतो. कर्करोगामुळे साचलेल्या पाण्यातही पेशींच्या तपासणीत निदान साधारण ६० टक्के रुग्णांतच होते. मेसोथेलिओमात, म्हणजे प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगात, त्याहून बरेच कमी. जुन्या बॉयलरच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण सर्रास असे, आणि त्याचे परिणाम तीस-चाळीस वर्षांनीही दिसतात, म्हणून त्यांच्या नोकरीची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. (ती बहुधा कोणी विचारलेलीच नसते.)

बायोप्सीतही फरक आहे. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० रुग्णांच्या एका ब्रिटिश चाचणीत स्कॅन न पाहता टोचल्या जाणाऱ्या जुन्या ॲब्रॅम्स सुईने ४७ टक्के, तर सीटी स्कॅन पाहून घेतलेल्या तुकड्याने ८७ टक्के कर्करोग ओळखता आले. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे थोरॅकोस्कोपीत, हे प्रमाण ९० च्या पुढे जाते. त्यामुळे प्रकृती झेपणारी असेल तर माझा कौल दुसऱ्या डॉक्टरांना आहे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास ते आधीच सांगावे. शिवाय सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये न घालता एखादा सलाइनमध्ये कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवण्याची विनंती करावी, कारण फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि मग टीबी निघालाच तरी कोणते औषध लागू पडेल हे कल्चरवरून तपासता येत नाही.