प्लॉट लाल रेषेच्या आत आहे, घ्यावा का?

प्रश्न : सांगलीत मुलासाठी दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितला आहे. पूररेषेच्या नकाशात तो निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये येतो. एजंट म्हणतो, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. 2019 ला येऊन गेला, आता काळजी नाही. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एजंटचं ऐकू नका. मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेच्या कामात जन्म काढला, आणि हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. मागच्या पुराचा हिशेब नदी ठेवत नाही. मुलानं तीस वर्षांचं कर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. तुमच्या पट्ट्यात परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घ्यावं लागतं.

आता खरी गोष्ट. रेषा सांगते पाणी कुठवर येतं. तुमच्या दारात किती चढेल ते सांगत नाही. लाल रेषेच्या कडेला पाऊल बुडेल, निळीजवळ पुरुषभर पाणी असेल. ते शोधायला शेजारच्या भिंती बघा. 2019 नंतर माझ्या बहिणीच्या घरात गाळाची तपकिरी रेघ स्विचबोर्डाच्या वर होती. भिंत दोनदा रंगवली तरी ओल धरली की ती पुन्हा दिसते. भाच्यानं जिन्याच्या कडेला खिळ्यानं खूण करून ठेवली आहे, ते फार बरं केलं.

अशी खूण सापडली की टेप लावून रस्त्यापासून मोजा. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे पाण्याची पातळी मोजतात, पाणी 57 फुटांवर गेलं होतं. खूण रस्त्यापासून 4 फूट वर असेल, तर पुलाजवळ 53 फूट झालं की त्या सुमारास पाणी तुमच्या रस्त्यावर येतं. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. ओढ्यानाल्यांतून पाणी मागून शिरतं का, हेही शेजाऱ्यांना विचारा. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट या सांगलीतल्या सखल वस्त्यांतल्या लोकांना हे विचारावं लागत नाही, त्यांना ते ठाऊकच असतं.

पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. तुमचा आकडा 50 च्या आत आला, तर प्लॉट सोडा. वर आला आणि घेतलाच, तर तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला ठळक लिहा, आणि पाणी 45 ला लागलं की आई-वडील, कागदपत्रं आणि गाडी उजेडातच बाहेर काढा.