फायबरच्या होडीची कुजलेली फळी वरून झाकू नये

आपण विचारले आहे की, आपल्या १८ फुटी जुन्या फायबरच्या होडीची मधली फळी पायाखाली दबते, तर तिच्यावरच १२ मिलिमीटरचे नवे प्लाय बसवून फायबरचे दोन थर दिल्यास चालेल का आणि खर्च किती येईल. चालणार नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण नेमका हाच उपाय २०१४ साली आमच्या होडीवर माझा विरोध असताना केला गेला आणि पुढची तीन वर्षे तो आम्हाला भोवला.

आमची होडी वेसाव्याच्या खाडीत असते. वडिलांची सवय अशी होती की, होडी नेहमी समुद्राच्या पाण्यानेच धुवायची आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढल्यावर तिच्यात पावसाचे पाणी साचू द्यायचे नाही. थोरल्या बंधूंच्या हाती कारभार आल्यावर ते प्रत्येक फेरीनंतर नळाचे पाणी लावून होडी आतून स्वच्छ धुऊ लागले. खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते, असे त्यांचे ठाम मत होते आणि लाकडी होड्यांचे खालचे तक्ते समुद्रात कसे पोखरले जातात, हा त्यांचा पुरावा होता. ते पोखरणे किड्यांचे असते, कुजणे बुरशीचे असते आणि फायबरच्या आत बंद असलेल्या लाकडापर्यंत तो किडा पोहोचत नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. परंतु धाकट्याचे कोण ऐकतो?

मासळीच्या खणाजवळची फळी दबू लागली, तेव्हा एका कारागिराकडून जुन्या फळीवरच नवे प्लाय बसवून घेण्यात आले. वरून काम सुरेख दिसत होते. दोन पावसाळ्यांनंतर तीच जागा पुन्हा दबू लागली आणि वडिलांच्या लक्षात आले की, रिकामी होडीसुद्धा पाण्यात चार बोटे खाली बसते. बंधूंनी दोष इंजिनाला दिला आणि दोन वेळा कार्ब्युरेटर उघडून घेतला. अखेर २०१७च्या एप्रिलमध्ये आम्ही फळी कापली. फळीखाली होडी तरंगती राहावी म्हणून भरलेला फोम पाण्याने इतका भरलेला होता की, त्याचे तुकडे पोत्यांत भरून मासळीच्या काट्यावर तोलले, तेव्हा ते ८४ किलो भरले. होडीला लांबीने आधार देणारे वासे, म्हणजे स्ट्रिंगर, वरून फायबरने गुंडाळलेले अखंड दिसत होते. कवच कापताच आतले लाकूड ओल्या भुशासारखे हातात आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागच्या बाजूला जिथे समुद्राचे पाणी सतत खेळते, तिथले लाकूड खणखणीत होते आणि खणाच्या झाकणाचे बिजागर जिथे स्क्रूने बसवले होते, त्याच्या बरोबर खालचे संपले होते. स्क्रूच्या छिद्रांतून नळाचे आणि पावसाचे गोडे पाणी आत उतरत होते. मीठ बुरशीला रोखते, गोडे पाणी तिला पोसते. वासा मी बंधूंना दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि ते काही बोलले नाहीत.

आता आपल्या होडीविषयी. फळी कडेने दोन-तीन इंचांची पट्टी राखून कापावी, म्हणजे नव्या फळीला टेकू मिळतो. ग्राइंडरचे पाते फळीच्या जाडीपेक्षा खोल जाता कामा नये, कारण खाली होडीचे अंग असते. वासे हातोडीने ठोकून पाहावेत आणि शंका आल्यास ६ मिलिमीटरचे छिद्र पाडून बाहेर येणारा भुसा पाहावा. काळा व ओला असेल तर वासा बदलावाच लागेल. सर्व वासे एकाच वेळी काढू नयेत. होडीला खालून सगळीकडे सारखा आधार देऊन एकेक बदलावा, अन्यथा तळाचा आकार बिघडतो आणि तो नंतर सरळ होत नाही.

वाळवणे हाच या कामाचा प्राण आहे आणि नेमके तिथेच सगळे घाई करतात. आम्ही होडी पाच आठवडे उघडी ठेवली होती. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतून थेंब दिसले, तर आणखी थांबावे. मुंबईत हे काम मार्च ते मे या काळातच करावे. जूनच्या दमट हवेत केलेला जोड मी विश्वासाचा मानत नाही.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचेच, म्हणजे मरीन प्लाय, घ्यावे. फर्निचरचे वॉटरप्रूफ प्लाय दुकानदार कितीही आग्रहाने देत असला, तरी घेऊ नये. बसवण्यापूर्वीच त्याची खालची बाजू आणि कडा रेझिनने बंद कराव्यात, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही. जुन्या फायबरवर नवा थर धरण्यासाठी पृष्ठभाग खरखरीत घासावा लागतो, आणि त्या जोडाला मी पॉलिस्टर रेझिनऐवजी एपॉक्सी रेझिन वापरतो. मात्र एपॉक्सीखाली साधी मॅट, म्हणजे फायबरच्या तुटक धाग्यांची चादर, न घालता विणलेले कापड घालावे, कारण मॅटचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. प्रत्येक स्क्रूसाठी आधी मोठे छिद्र पाडून ते घट्ट रेझिनने भरावे आणि ते सुकल्यावर त्यातच स्क्रूचे छिद्र घ्यावे. एवढे एक काम आमच्या कारागिराने केले असते, तर पुढचे काही घडले नसते.

पॉलिस्टरच वापरणार असाल, तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा. घासताना तोंडावर चांगला मास्क आणि अंगावर पूर्ण बाह्या असाव्यात.

बंधूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आउटबोर्ड इंजिन प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुतलेच पाहिजे, त्यात ते बरोबर होते. होडीही गोड्या पाण्याने धुण्यास हरकत नाही, फक्त पाणी जाण्याचे बूच काढून नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग उंच ठेवावा आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे.

खर्चाचा आकडा फळी उघडण्यापूर्वी कोणी सांगत असेल, तर त्याने वासे पाहिलेले नाहीत, एवढेच समजावे. आणि कापायला सुरुवात करण्याआधी इंजिन हाताने वर-खाली दाबून ते ज्या मागच्या फळीवर टांगलेले आहे, तिच्याकडे पाहावे. ती हलत असेल, तर आधी तिचे काम करावे लागेल.