मदत केलेला माणूसच नंतर तोंड का चुकवतो?

तुम्ही विचारले आहे की, मित्राच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही त्याला पैसे दिले, परत मागितले नाहीत, कधी बोलूनही दाखवले नाही, तरी तो आता तुमचा फोन उचलत नाही. माणसे इतकी कृतघ्न का असतात? कृतघ्न हा शब्द मीही एका माणसासाठी पाच वर्षे वापरला आहे, म्हणून लिहितो.

२०१४ चा मृग आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोरडा गेला. एका सरीवर भरवसा ठेवून पुष्कळ कास्तकारांनी सरकी टोबली आणि मग पावसाने अशी दडी मारली की कोंब मातीतच करपले. माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्याचे सहा एकर वावर आहे, तो माझ्या नात्यातला नाही. पण त्याचे आणि माझे वडील सावडीने शेती करीत, म्हणजे एक बैल त्यांचा आणि एक आमचा. दुबार पेरणीसाठी त्याच्याजवळ पैसा नव्हता, आणि कृषी केंद्राची मागची उधारी थकलेली असल्यामुळे तिकडे तोंड दाखवायची सोयही उरलेली नव्हती. मी बियाण्याची सहा पाकिटे आणि डीएपी खताच्या दोन थैल्या बंडीत टाकून त्याच्या अंगणात उतरवल्या. हिशेब आठ हजारांच्या आसपास होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,०५० रुपये होता, म्हणजे दोन क्विंटल कापूस धरा.

पहिल्या वेचणीचा कापूस विकला आणि तो संध्याकाळी माझ्या घरी आला. धुतलेला सदरा अंगात, नोटा रुमालात बांधलेल्या. ओसरीच्या अगदी कडेला टेकून त्याने गाठ सोडली, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. माझे मोठे बंधू त्या दिवशी अमरावतीहून आलेले होते. ते आतूनच म्हणाले, "अरे, शेजारधर्माचे कोणी पैसे घेते काय? ठेव ते खिशात." वडीलधाऱ्यांचा शब्द, शिवाय उदारपणा मिरवण्याची आयती संधी, मी नोटा हाताने मागे सारल्या. तो म्हणाला, "घ्या ना भाऊ, मले हलकं वाटन." त्याचे हे वाक्य मी हसण्यावारी नेले. त्याने रुमाल पुन्हा बांधला आणि चहा न घेता तो उठला.

तेव्हापासून त्याने वावरात जाण्याचा रस्ताच बदलला. माझ्या दारावरून जाणारी पांदण सोडून तो नाल्याच्या काठाने, अर्धा मैल फेरा घेऊन जाऊ लागला. पानठेल्यावर मी दिसलो की अर्धा चहा ठेवून निघून जाई. पुढच्या पोळ्याला गावातले सारे बैल माझ्या दारी पूजेला आले, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घेऊन गेले. त्याची जोडी तेवढी आली नाही. मी घरात म्हणालो, "बघा, उपकाराची फेड!"

माझी पत्नी मात्र तेव्हाच म्हणाली होती की पैसे घ्यायला हवे होते. शेजारणीने भाजी पाठवली तर आपण तिची वाटी रिकामी परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी टाकतो, आणि तुम्ही त्या माणसाची भरलेली वाटी ढकलून दिली, असे तिचे म्हणणे. ते मला पटायला फार वर्षे लागली.

तुम्ही लिहिता की बोलून दाखवले नाही. मीही छातीठोकपणे असेच सांगत असे. पुढे केव्हातरी आठवले की बियाणे दिले त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास पानठेल्यावर कोणी त्याच्या पऱ्हाटीची, म्हणजे उभ्या कपाशीची, वाखाणणी केली, तेव्हा मी म्हणालो होतो, "बियाणं कोणाचं आहे?" सगळे हसले होते. गावात असे वाक्य अंधार पडायच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोहोचते. तुम्हीही जरा आठवून पाहा.

माझे स्पष्ट मत असे आहे की, तो माणूस उपकार विसरलेला नसतो. त्याला तो विसरता येत नाही, आणि आपला चेहरा दिसला की प्रत्येक वेळी आठवतो, म्हणून तो चेहराच टाळतो. सावडीत वडिलांची कधी कुरबुर झाली नाही, कारण कोणाचा बैल कोणाकडे किती दिवस राबला याचा हिशेब चोख असे आणि कोणीच कोणाच्या खाली नसे.

बंधू आजही मानत नाहीत. ते गाडगेबाबांचा दाखला देतात की बाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, कोणाकडून काय घेतले? दाखला चांगला आहे, पण अर्धा आहे. बाबा स्वतः कोणाची भाकर फुकट खात नसत. आधी अंगण झाडत, लाकडे फोडत, मग भाकर घेत. पूर्णेच्या काठी ज्या गावात त्यांनी घाट बांधून घेतला, त्या गावाचे नावच ऋणमोचन आहे, आणि पौषातल्या रविवारी तेथे यात्रेला लोटणारी माणसे काही ऋण वाढवून घ्यायला जात नसतील. बंधूंनी याचे उत्तर द्यावे, मी वाट पाहतो आहे.

तेव्हा मित्राला सरळ सांगा की पैसे हवेत, हप्त्याने दिले तरी चालतील. किंवा त्याला एखादे काम सांगा, तेही खरोखर अडलेले. पैसे बुडवायच्याच बेताने घेणारेही असतात, आणि एखाद्याजवळ खरेच नसतात. तुमचा मित्र यातला कोणता, हे मला येथून कळणार नाही.

२०१९ मध्ये माझ्या एका बैलाला पान लागले, म्हणजे साप चावला, आणि ऐन डवरणीत, पिकाच्या ओळींतले तण काढायच्या वेळी, जोडी मोडली. मी नाल्याच्या काठाने त्याच्या घरी गेलो आणि बैल मागितला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आठ दिवस न्या. पण माह्या वखरणीले तुमचा बैल द्या लागन." मी कबूल झालो आणि, लाज गिळून, ते आठ हजारही मागितले. ते त्याने दिवाळीनंतर दिले, त्याच्याच ओसरीवर बसवून, चहा पाजून. मोजून घ्या म्हणाला, आणि मी मोजले. बंधूंना हे अजून सांगितलेले नाही.