सी. डी. देशमुखांच्या राजीनाम्याविषयी एका विद्यार्थिनीस

कोल्हापूर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

राज्यसेवेच्या मुलाखतीसाठी तू लिहिलेले टिपण दोनदा वाचले. अक्षर सुरेख आहे. पण ‘चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर भावनेच्या भरात राजीनामा दिला’ हे वाक्य मी तांबड्या शाईने खोडले आहे. माझे वडीलही बिंदू चौकातल्या सभांहून परतताना जवळजवळ असेच बोलत आणि तेव्हा त्यांचा आवाज भरून येई, म्हणून तुला दोष देत नाही. मात्र तारखा एकाखाली एक मांडून पाहा.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच दिवसांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि ते काम तेव्हाचे अर्थमंत्री असलेल्या देशमुखांच्याच खात्याचे होते. त्याच महिन्यात त्यांनी राजीनाम्याची तयारी कळविली, तरी फेब्रुवारीअखेर अर्थसंकल्प मांडला आणि खुर्ची सोडली ती जुलैत. भावनेच्या भरात निघालेला माणूस सहा महिने हिशेब पुरे करीत बसत नाही.

लोकसभेतील त्यांचे निवेदन मुळातून वाच. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने असे निवेदन करता येते, हा नियमही त्या निमित्ताने पाठ होईल. मुंबई महाराष्ट्राला न देणे हा त्यांचा एक आक्षेप होता. परंतु एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला आणि मुंबईतील पोलीस गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे आक्षेप मला अधिक वजनदार वाटतात. नेहरूंनी ते मान्य केले नाहीत, हेही टिपणात लिही. घटनेच्या ७५व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. मग ज्या निर्णयात आपल्याला विचारलेच नाही, त्याचे समर्थन सभागृहात कोणत्या तोंडाने करायचे, ही त्यांची खरी अडचण होती. शिवाय १९५२ साली ते कुलाब्यातून निवडून आले होते, म्हणजे मतदारांनाही जाब द्यायचा होता.

कारकिर्दीचा तपशील थोडक्यात आटोप. आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, जागतिक नाणेव्यवस्था ठरविणारी १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद, १९५० पासून अर्थखाते, १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक. एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात: नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांना विरोध म्हणून आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई बाहेर पडले, तेव्हा देशमुखांकडे ते खाते आले. म्हणजे ज्या खुर्चीचा त्यांनी त्याग केला, ती त्यांना दुसऱ्याच्या राजीनाम्यामुळेच मिळाली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारले नाही, तरी हे तुझ्या मनात असू दे.

‘तुम्ही त्यांच्या जागी असता तर?’ असा प्रश्न येईलच. तेव्हा घाईने ‘मीही दिला असता’ म्हणू नकोस. तू अधिकारी होणार आहेस आणि मंत्र्याला असलेली सभागृहात बोलण्याची सोय तुला नसेल. तुझा विरोध फाइलीवरच्या शेऱ्यात, सहीनिशी आणि तारखेनिशी उतरला पाहिजे. तो शेरा कसा लिहितात, हे समोर बसून दाखवीन.

टिपण नव्याने लिहून रविवारी घेऊन ये. दहानंतर ये, त्याआधी मी रंकाळ्यावर असतो.

तुझा,
सर